म्हाकू आबांचं वरचं वारं

म्हाकू आबांना दोन डोळे होते आणि दोघांची कामं वेगळी होती. डावा घरचा, उजवा नोकरीचा. वर्तमानपत्र वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे वेचणं, एस.टी.ची पाटी बघणं, ही सगळी कामं डाव्याकडे. उजवा फक्त आभाळासाठी. रस्त्याने धुरळा उडवत ट्रॅक्टर आला की ते उजव्या डोळ्यावर टोपी ओढून घ्यायचे आणि डाव्याने रस्ता बघत चालायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा. ह्यो डोळा पगारी हाय. त्याला फुकटचं काम लावायचं न्हाय."

एक्क्याण्णव साली मी बारामतीजवळच्या एका छोट्या हवामान केंद्रात कनिष्ठ निरीक्षक म्हणून लागलो. पत्र्याची खोली, जाळीची कुंपणं, पाऊस मोजायचं भांडं, आणि मोकळ्या जागेत सिमेंटच्या खांबावर बसवलेली कोन मोजायची दुर्बीण. मी इंदापूरचा, पंचवीस वर्षांचा, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. आबा माझे वरिष्ठ. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागले आणि आधीच्या निरीक्षकाच्या हाताखाली दुर्बीण शिकून त्याच्या जागी बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, ऐकून घेतलं, आणि त्यानंतर एकदाही वापरलं नाही. मी त्यांच्यासाठी कायमचा 'बीएस्सी' झालो.

"काय बीएस्सी, जेवलास का नुसताच शिकलास?"

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाचा आहे. त्यांच्याविषयी लिहायचं मी फार वर्षं टाळलं, कारण लिहायचं तर माझ्याविषयीही लिहावं लागणार होतं.

आमचं काम असं होतं. रबरी फुग्यात हलका वायू भरून तो सोडायचा. फुगा ठरावीक वेगाने वर जातो, म्हणून किती मिनिटं झाली यावरून तो किती उंच गेला ते समजतं. दर मिनिटाला दुर्बिणीतून त्याचे दोन कोन वाचायचे, आणि त्यावरून त्या उंचीवर वारा कुठून कुठे वाहतो हे काढायचं. एकाचा डोळा दुर्बिणीला, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. रोज सकाळी लहान फुगा, तो अर्ध्या तासात दिसेनासा व्हायचा. पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला, आभाळ काचेसारखं असताना, आठवड्यातून दोनदा आबा मोठा फुगा सोडायचे. दुपारी तीनला, सूर्य पाठीशी घेऊन. त्याआधी तासभर तो फुगा कोमट पाण्यात भिजत ठेवायचे. थंड रबर वर जाऊन लवकर फुटतं, हे त्यांनी स्वतःच शोधलेलं. त्यांचा फुगा सत्तर-पंच्याहत्तर मिनिटं टिकायचा. म्हणजे वीस-बावीस किलोमीटर उंच. ढगांच्या, विमानांच्या, सगळ्याच्या वर.

आणि ती पंच्याहत्तर मिनिटं आबांचा डोळा दुर्बिणीवरून हलायचा नाही. माशी बसली तरी नाही. एकदा त्यांच्या पायावरून विंचू गेला. मी ओरडलो. ते कोन सांगत राहिले. फुगा फुटल्यावर खाली बघत म्हणाले, "गेला का? त्येला त्येचं काम, मला माझं."

आसपासच्या गावांतले लोक कुंपणाशी येऊन विचारायचे, "आबा, पाऊस कवा?"

"मला खालचं इचारू नगा," आबा म्हणायचे. "खालचं खातं रेडिओकडं. माझ्याकडं वरचं."

"वरच्या वाऱ्याचा आमाला काय उपेग?"

"काय न्हाय. म्हणून तर बघतोय. उपेगाचं बघायला तुमी सगळी हायसा की."

पहिल्या हिवाळ्यात मी एकदा पेन्सिल घेऊन बसलो होतो. फुगा नेहमीप्रमाणे पूर्वेला वाहत गेला. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेचं वारं फार जोराचं असतं. आबा म्हणाले, "बीएस्सी, तुज्या गावावर पोचला बघ. इंदापूरच्या डोक्यावर हाय. हाक मार." आणि मग साठाव्या मिनिटाच्या पुढे त्यांचा आवाज बदलला. कोन सांगता सांगता हळू झाला, देवळात बोलतात तसा. "ये. हितं बघ. डोळा लाव. आकडे एक मिनिट ऱ्हाऊ देत."

त्यांनी आकडे राहू देणं ही एवढी मोठी गोष्ट होती की मी धडपडतच गेलो. दुर्बिणीत साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका. तो पूर्वेला सरकत होता. मग सरकायचा थांबला. नुसता उभा राहिला. आणि मग, अगदी सावकाश, उलटा आमच्याकडे यायला लागला. पन्नास किलोमीटरवरून, जिथे कुणी कधी जाणार नाही अशा उंचीवर, तो माघारी फिरला होता.

"वर दुसरंच वारं हाय," आबा म्हणाले. "आत्ता ह्ये पूर्वंकडनं हाय. म्होरल्या थंडीत बघ, फुगा न्हाय फिरायचा. सरळ जाईल."

"का?"

"त्येचा फेरा हाय म्हणून. आमचा बा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, पावसाच्या आत माघारी. वर्साचा फेरा. ह्ये वारं वर्साला बांधलेलं न्हाय. दोन वर्सं आन् चार म्हैनं. कवा म्हैना-दोन म्हैनं अलीकडं, कवा पलीकडं. पर बदलतंच. आन् बदलतं ते वरनं. आधी लई उंचावर फिरतं, मग म्हैन्याला अर्धा-अर्धा मैल खाली उतरत येतं. डोंगरावनं मेंढरं उतरत्यात तसं."

हे त्यांनी सात वर्षांच्या वह्यांवरून काढलं होतं. मोठ्या फुग्यांच्या वह्या ते वेगळ्या ठेवायचे, निळ्या पुठ्ठ्याच्या, दर वर्षी एक. ज्या दिवशी ढग आले किंवा फुगा लवकर फुटला त्या दिवशीच्या रकान्यात ते काहीही लिहीत नसत. मी एकदा म्हणालो की मागचापुढचा आकडा बघून मधला अंदाजाने भरता येतो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, डाव्या डोळ्याने. "बघितलं न्हाय तर लिवायचं कसं? तितं वारं हुतं. आपुन नव्हतो. त्ये तसंच लिवायचं, कोरं."

मी मनात हसलो. माझ्या पुस्तकात वाऱ्याला ऋतू होते. उन्हाळ्याचं वारं, पावसाळ्याचं वारं. दोन वर्षं चार महिने असं काही त्यात नव्हतं. सातवी शिकलेल्या माणसाला आकड्यांत मेंढरं दिसतात, असं मला वाटलं.

पुढच्या थंडीत, त्र्याण्णवच्या जानेवारीत, फुगा परतला नाही. साठ मिनिटं, पासष्ट, सत्तर. तो इंदापूरच्या पुढे सरळ पूर्वेला जात राहिला आणि क्षितिजाच्या धुक्यात बुडाला. आबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला, टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला. एवढंच. पण त्याच आठवड्यात त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. चार वेळा कच्चं केलं, पाचव्यांदा माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. वह्या घेऊन या, मार्चमध्ये आमची बैठक आहे, तिथे पंधरा मिनिटं बोला.

ते पत्र त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. "पंधरा मिंटं," ते म्हणाले. "लई झाली रं. फुगा साडेचार किलोमीटर जातोय तेवढ्यात."

त्याच सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. घरच्या डोळ्यात नाही, नोकरीच्या. बारामतीच्या दवाखान्यात फेब्रुवारीत ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे रजा. जाताना त्यांनी सहा मोठे फुगे मोजून माझ्या ताब्यात दिले. "ह्ये सहा म्हत्त्वाचे हायत, बीएस्सी. वारं नुकतंच बदललंय. ह्या तीन आठवड्यांत त्ये किती खाली उतरलं त्ये कळंल. शिपायाला पेन्सिल दे, तू डोळा लाव. डोळा काढू नगंस."

आता मी केलं ते सांगतो.

पहिला फुगा माझ्या दुर्बिणीतून विसाव्या मिनिटाला निसटला. दुसरा बाराव्या. शिपाई हसला. तिसऱ्या दिवशी मी फुगा भरलाच नाही. उरलेले चार फुगे मी ब्लेडने फाडले आणि मागच्या पडक्या विहिरीत टाकले, वापरले गेले असं दिसावं म्हणून. महिनाअखेर तपासणी होती. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कोऱ्या रकान्यांबद्दल विचारलं तर काय सांगू? मी मागच्या वर्षीची निळी वही काढली, फेब्रुवारीची पानं उघडली, आणि त्याच तारखांचे आकडे एखाददुसरा अंश इकडेतिकडे करून नव्या वहीत उतरवले. वारं म्हणजे ऋतू. मागच्या फेब्रुवारीत होतं तसंच या फेब्रुवारीत असणार.

आबांनी वर्षभर मला जे सांगितलं होतं, नेमकं त्याच्याविरुद्ध मी लिहीत होतो, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मागची थंडी पूर्वेच्या वाऱ्याची होती.

ते परत आले ते जाड काचेचा चष्मा लावून. तीन महिने दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खुर्चीत बसून त्यांनी वही उघडली. पान वाचलं. उलटलं. परत मागे आले. बोट ठेवून खाली खाली जात राहिले. जानेवारीत पश्चिमेकडून वाहणारं वरचं वारं फेब्रुवारीत परत पूर्वेचं झालं होतं. एका दिवसात. वरपासून खालपर्यंत.

"बीएस्सी, ह्ये तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस?"

"होय आबा."

"फुटस्तवर?"

"फुटेस्तोवर."

त्यांनी वही मिटली. माझ्यावर संशय घेतला असता तर मी तिथेच कोसळलो असतो. पण त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर. संध्याकाळपर्यंत ते आठही वह्या पुढ्यात घेऊन बसले. मग म्हणाले, "मला सापडलं वाटलं हुतं. मेंढरं राखणाऱ्याच्या पोराला फेराच दिसायचा सगळीकडं. माझं बघणं चुकलं." त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं. या वेळी कच्चं केलं नाही. माझी समजूत चुकीची ठरली आहे, म्हणून मी येत नाही, त्रासाबद्दल माफी असावी. ते पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. आणि मी टाकलं.

त्यानंतर त्यांनी मोठे फुगे मागवले नाहीत. डोळा बरा झाला तरी नाहीत. रोजचा लहान फुगा, अर्धा तास, संपलं. थट्टा करायचे, पण ती आठवून केल्यासारखी. चार महिन्यांनी माझा कायम झाल्याचा हुकूम आला. आबांनी स्वतः पेढे आणले. मी ते खाल्ले. वीस महिने मी रोज त्या माणसासमोर बसलो आणि गप्प राहिलो. आधी नोकरीच्या भीतीने आणि मग, भीती संपल्यावर, इतके दिवस गप्प राहिल्याच्या लाजेने.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर एकदा मी पिंपळीला त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ. आबा अंगणात बंबाजवळ बसले होते. मांडीवर निळी वही. ते मागची कोरी पानं हलक्या हाताने सोडवत होते आणि बाजूला रचत होते.

"शाळंतल्या पोरांना कच्च्या कामाला व्हतील," ते म्हणाले. "कोरा कागद कशापाई जाळायचा?"

लिहिलेली पानं बंबाशेजारी पडली होती. बंब पेटलेला होता.

"आबा, किती वह्या...?"

"दोन झाल्या. ही तिसरी. रिटायर व्हायला दोन म्हैनं ऱ्हायलं. घरात रद्दी कशाला?"

मी वही त्यांच्या हातातून ओढली. मी म्हणालो, "आबा, ते तीन आठवडे मी बघितलंच नाही. फुगे विहिरीत टाकले. मागच्या वर्षीचे आकडे उतरवले."

त्यांनी मान वर केली. जाड काचेमागे उजवा डोळा मोठा दिसत होता. मला वाटलं आता ते मारतील, आणि मारावं असंच मला वाटत होतं.

"म्हंजी," ते म्हणाले, "वारं माघारी फिरलंच न्हाय?"

"मला माहीत नाही आबा. मी बघितलं नाही."

"न्हाय फिरलं. कसं फिरंल?" ते उठून उभे राहिले. "अरं, तू खोटं बोललास व्हय! म्या म्हणलं वारंच खोटं बोललं!" आणि ते हसायला लागले. खरोखर हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आतून त्यांची बायको, सुंदराकाकू, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं ओ?"

"काय न्हाय. वारं बराबर हाय. बीएस्सी चुकलं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. हसणं थांबलं होतं. "आत्ता न्हाय," ते म्हणाले. "आधी वही."

त्र्याण्णवची वही बंबातून बचावली होती. त्यांनी ते फेब्रुवारीचं पान उघडलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी खोडायला लागलो तसा त्यांनी मनगट धरलं. "गिरबटू नगंस. एक रेघ मार, सरळ. खालचं वाचता आलं पायजे. काय खोटं हुतं त्ये बी दिसाय पायजे." मी रेघ मारली. समासात त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: ही निरीक्षणं घेतलेली नाहीत, मागील वर्षावरून उतरवली. खाली सही केली, पूर्ण नावानिशी. त्यांनी ते वाचलं, डाव्या डोळ्याने, आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

"आजपासनं डोळा तुजा. पेन्सिल माझी."

तो नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मोठे फुगे परत मागवले. निवृत्तीनंतरही, वरिष्ठांची परवानगी काढून, ते आठवड्यातून दोनदा पिंपळीहून सायकलवर यायचे. मला त्यांनी डोळा न हलवता उभं राहायला शिकवलं. मान दुखून डोळ्यातून पाणी वाहायचं. ते मागून म्हणायचे, "पुसू नगंस. वाहू दे. पाणी कोन बदलत न्हाय." माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. पण मी कधी आकडा लिहायला हात पुढे केला की पेन्सिल शांतपणे दुसऱ्या हातात घ्यायचे.

पंच्याण्णवच्या सुरुवातीला फुगा परतत होता. मग फेब्रुवारीत एका दुपारी, साठाव्या मिनिटाला तो हळू झाला. पासष्ट. थांबला नाही. सत्तर. त्र्याहत्तर. तो पूर्वेला जात राहिला, सगळ्या जगाच्या वरून, एकटा, कुणी ठरवून दिलेल्या वाटेने जावा तसा. मी कोन सांगत राहिलो. फुगा फुटला. मागे वळलो तर आबा पेन्सिल खाली ठेवून बोटांवर महिने मोजत होते.

"आपुन ह्यो बदल बघितला," ते म्हणाले. "मधला एक ऱ्हायला. त्यो कवा झाला, कुणास ठाव."

तो मधला बदल त्या वीस महिन्यांत कुठेतरी झाला होता. त्याची जागा वहीत कोरी आहे. बंबात गेलेल्या दोन वह्यांची जागा तर कोरीही नाही. हे मी कशानेच भरून देऊ शकत नाही.

त्यांनी पुण्याला परत पत्र लिहिलं. ते मोठे शास्त्रज्ञ तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्यांनी बोलावलं. पंधरा मिनिटांची बैठक नाही, नुसतं या, बघू. आबा उरलेल्या वह्या फडक्यात बांधून एकटेच गेले. मी येतो म्हणालो तर म्हणाले, "तुजी सही हाय की तितं. तू कशाला?"

परतीला दौंडला बारामतीची गाडी मिळणार नव्हती, म्हणून ते भिगवणला उतरणार होते. मी मोटरसायकल घेऊन स्टेशनवर गेलो. दुपारचे साडेतीन वाजले होते. फलाटावर मासळीच्या पाट्या घेऊन बायका पुण्याकडच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. पॅसेंजर आली. आबा उतरले, फडकं छातीशी. मला बघितलं आणि चालता चालताच बोलायला लागले.

"त्यांना ठाव हाय रं! तीस-चाळीस वर्सं झाली, जगाला ठाव हाय! म्या म्हणलं आपल्याच डोक्यावर हाय. न्हाय. सगळ्या पृथ्वीला येढा हाय त्येचा. आफ्रिकेवनं जातंय, समुद्रावनं जातंय, परत हितं. दोन वर्सं चार म्हैनं, सगळीकडं येकदम. साहेबानं भितीवर नकाशा लावून दावला."

मला वाटलं होतं, आपण पहिले नाही हे कळल्यावर हा माणूस खचेल. त्यांचा उजळलेला चेहरा पाहून मी मान खाली घातली. मग विचारलं, "आबा, ते पान?"

"वाचलं त्यांनी. मग म्होरलं उलाटलं."

"आणि कोरे महिने?"

"इचारलं. हितं दीड-दोन वर्सं का न्हाय म्हणून." त्यांनी फडक्याची गाठ घट्ट केली. "म्या सांगितलं, माझा भरवसा सुटला हुता."

मी मोटरसायकलकडे हात केला.

"तू जा. साडेपाचची नोंद हाय तुजी. म्या येतो एस्टीनं," ते म्हणाले. "आत्ता मला गाडीवर गप बसायला जमायचं न्हाय."

पुढच्या महिन्यात माझी बदली विदर्भात झाली. त्या पावसाळ्यात आबा गेल्याचं सुंदराकाकूंनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. मी त्यांना परत पाहिलं नाही.

त्या दिवशी भिगवण स्टेशनच्या गेटपाशी गाडीला किक मारताना मी मागे बघितलं. आबा फलाटाच्या मधोमध उभे होते, पाट्यांच्या रांगेतच.

"ओ आबा, सरका की बाजूला," एक बाई म्हणत होती. "गाडी यायला झाली, मासळी चढवायची हाय."

"सरकतो बाय. पर आधी ह्ये ऐक. आत्ता, ह्या घडीला, तुज्या डोक्यावर..."

त्यांनी वह्या काखेत मारल्या आणि हात सरळ वर करून पश्चिमेकडून पूर्वेकडे नेला. ती बाई त्यांच्या हाताकडे बघायला लागली, मग तिच्या शेजारची, मग रांगेतल्या सगळ्याच जणी, पाट्यांवर हात ठेवून, माना वर करून. मीही वर बघितलं. तिथे काहीही दिसत नव्हतं.